म्हातारपण, आजारपण आणि आयकर

दरवर्षी फेब्रुवारीत अर्थसंकल्प झाला की आठवडाभर एकच वाद रंगतो: बचतीवर आणि विम्यावर वजावटी देणारी जुनी करप्रणाली बरी, की बहुतेक वजावटी काढून दर कमी ठेवणारी नवी? वाहिन्यांवर सीए मंडळी तक्ते मांडतात, ऑफिसात जो तो आपला पगार टाकून मोबाइलवर हिशोब करतो आणि चर्चा 'कुठे किती हजार वाचतात' इथे येऊन थांबते. २०२५च्या अर्थसंकल्पानं नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर शून्यावर आणला, तेव्हा बहुतेकांच्या लेखी हा वाद निकालातच निघाला. उरले ते दोन गट. एक म्हणतो, ८०सी (बचत-गुंतवणुकीवरची वजावट) आणि ८०डी (आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची वजावट) या कलमांना बाजूला सारून सरकारनं मध्यमवर्गाची बचतीची सवय मोडली. दुसरा म्हणतो, सज्ञान माणसाला स्वतःच्या पैशाचं काय करायचं ते कळतं. सरकारनं त्याला पॉलिसी घ्यायला लावण्याचे दिवस गेले. माझ्या मते दोन्ही गट भलत्याच गोष्टीवर भांडत आहेत. जुन्या वजावटी गेल्या याचं दुःख करण्याचं कारण नाही. पण त्या जाताना म्हातारपणाची तरतूद आणि आजारपणाचा खर्च या दोन गोष्टींना आयकर कायद्यात जी जागा होती तीही पुसली गेली, आणि सगळ्यांसाठी नाही, काहींसाठीच. ती जागा परत मिळायला हवी. मात्र रूप वेगळं हवं: बचतीसाठी सगळ्यांना सारखा सरकारी वाटा, आणि मोठ्या आजाराच्या खर्चासाठी खरीखुरी वजावट.

आधी जुन्या प्रणालीवरचे आक्षेप पुरते मान्य करतो, कारण ते बरोबर आहेत. ८०सी ही निवृत्तीची तरतूद कधीच नव्हती. दीड लाखाच्या त्या एका टोपलीत भविष्य निर्वाह निधी होता, पीपीएफ होता, तशीच मुलांच्या शाळेची फी होती, गृहकर्जाच्या मुद्दलाची फेड होती, पाच वर्षांची मुदत ठेव होती, तीन वर्षांत मोकळे होणारे ईएलएसएस, म्हणजे शेअर बाजारात गुंतवणारे करबचतीचे फंड होते आणि आयुर्विम्याच्या पारंपरिक पॉलिसी होत्या. मुलाची फी भरणं ही बचत कशी? पगारदाराचा पीएफ कापला आणि शाळेची फी भरली की टोपली जवळजवळ भरायची. म्हणजे जे पैसे तसेही जाणारच होते त्यांवर सवलत मिळायची, नवी बचत फारशी व्हायची नाही. ज्यांची टोपली रिकामी राहायची त्यांच्या दारात मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एजंट यायचा आणि वीस वर्षांची पॉलिसी गळ्यात मारून जायचा. दोन हप्ते भरून ती बंद पाडलेली किती घरं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत! कर वाचला, पण मुद्दलातच खोट आली.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. '४६,८०० रुपयांपर्यंत कर वाचवा' अशी जाहिरात आपण वर्षानुवर्षं पाहिली. त्या आकड्याची फोड करून पाहा. ३० टक्के दरानं कर भरणाऱ्याला दीड लाखावर ४५,००० रुपये सुटायचे आणि चार टक्के उपकर धरून ४६,८०० व्हायचे. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसानं तेवढेच दीड लाख बाजूला टाकले तर त्याला ३१,२००. आणि करपात्र उत्पन्नच नसलेल्या बाईनं पोटाला चिमटा घेऊन पोस्टात पैसे टाकले तर तिला काहीच नाही. ज्याला मदतीची गरज सगळ्यांत कमी त्याला सगळ्यांत जास्त, हा वजावटीचा स्वभावच आहे, कारण ती कराच्या दरावर चालते. डेन्मार्कमधल्या सरकारी नोंदींवर अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. निवृत्तीच्या बचतीवरच्या करसवलतीसाठी सरकारनं घातलेल्या दर रुपयामागे एकूण बचत जेमतेम एका पैशानं वाढते, असं त्यांना आढळलं. सुमारे ८५ टक्के लोक सवलतीकडे लक्षच देत नाहीत. जे देतात ते आपले पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवतात. उलट पगारातून आपोआप कापून जाणाऱ्या वर्गणीनं बचत खरोखर वाढते. हे वाचल्यावर ८०सीची बाजू घेणं मला तरी जमत नाही.

पण हत्यार वाईट निघालं म्हणून काम रद्द होतं का? इथे दुसऱ्या गटाची चूक सुरू होते.

'सज्ञान नागरिक' हा त्यांचा सगळ्यांत ताकदीचा मुद्दा आहे, आणि तो मी हलक्यानं घेत नाही. पंचविशीतल्या मुलीला आधी शैक्षणिक कर्ज फेडायचं असेल, आईवडिलांचं घर दुरुस्त करायचं असेल, छोटा धंदा सुरू करायचा असेल, तर सरकारनं तिचे पैसे साठीपर्यंत अडकवावेत असं कोण म्हणेल? तिच्या आयुष्याचा क्रम तिला ठाऊक, अर्थखात्याला नाही. तरीही म्हातारपणाची तरतूद ही फ्रिज किंवा गाडी घेण्यासारखी निवड नाही. चुकीची गाडी घेतली तर पुढच्या वेळी सुधारता येते. साठाव्या वर्षी हात रिकामे निघाले तर पस्तिसावं वर्ष परत येत नाही. शिवाय चुकीची किंमत चुकणारा एकटा देत नाही. ती मुलगा-सून देतात, अनेकदा नोकरी सोडून घरी बसलेली लेक देते, आणि तीही नसेल तर सरकारी निराधार योजना देते. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींच्या वर होती. २०५०पर्यंत दर पाच भारतीयांमागे एक साठीपुढचा असेल असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. आणि मुलं वाढवायला, सांभाळायला माणसांनी भरलेली घरं मात्र लहान होत चालली आहेत. ज्या निवडीचा भार इतरांवर पडणार आहे त्या निवडीत समाजाचा काहीच शब्द नसावा, हे म्हणणं टिकत नाही.

आणि राज्यसंस्थेला हे कधीच मान्य नव्हतं. १९५२ सालीच भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला तो सक्तीचा. 'कामगार सज्ञान आहे, त्याचं तो पाहील' असं तेव्हाच्या संसदेनं म्हटलं नाही. त्याहून बोलका पुरावा आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. मार्च २०२३मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत महाराष्ट्रातले लाखो सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुन्या, ठरलेल्या पेन्शनऐवजी बाजाराच्या चढउतारावर अवलंबून राहायला लागलं होतं आणि ते त्यांना नको होतं. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रानं एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली: २५ वर्षांच्या सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, आणि दहा वर्षांच्या सेवेला किमान १०,००० रुपये. दुसऱ्याच दिवशी आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं ती स्वीकारली. या कर्मचाऱ्यांना ती मिळू नये असं मी म्हणत नाही; त्यांनी लढून मिळवली. माझा प्रश्न सरकारला आहे. बाजाराची जोखीम एकट्या माणसानं म्हातारपणी पेलू नये, हे जर स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत पटलं, तर बाकीच्यांच्या बाबतीत 'तुम्ही सज्ञान आहात' एवढंच उत्तर कसं पुरतं?

नव्या प्रणालीच्या समर्थकांचा आणखी एक दावा तपासायला हवा. ती साधी आहे, सवलतमुक्त आहे, कुणालाही झुकतं माप देत नाही, असं सांगितलं जातं. हे खरं नाही. कर्मचाऱ्याच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात कंपनीनं भरलेला वाटा नव्या प्रणालीतही करातून वगळला जातो, आणि जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात खासगी कंपन्यांसाठी ही मर्यादा पगाराच्या १० टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर नेली. पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन (कंपनीचा निवृत्ती निधी) मिळून कंपनीनं वर्षाला साडेसात लाखांपर्यंत भरलेल्या रकमेवर कर्मचाऱ्याला कर लागत नाही. वीस लाख मूळ पगाराच्या व्यवस्थापकाचं उदाहरण घ्या. एनपीएसमध्ये कंपनीनं भरलेले २ लाख ८० हजार त्याच्या करपात्र उत्पन्नातून जातात आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात त्याचे ८७ हजारांहून अधिक रुपये वाचतात. म्हणजे ज्या ४६,८००ला आपण श्रीमंतधार्जिणी सवलत म्हणून नावं ठेवली तिच्या जवळजवळ दुप्पट. तेवढंच कमावणारी, स्वतःचा दवाखाना चालवणारी फिजिओथेरपिस्ट नव्या प्रणालीत आपल्याच खिशातून एनपीएसमध्ये पैसे भरते तेव्हा तिला एका पैचीही वजावट नाही. तिला कंपनी नाही, एवढाच तिचा दोष.

आरोग्य विम्याचंही तेच. कंपनीनं कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या गटविम्याचा हप्ता कंपनीच्या खर्चात धरला जातो आणि कर्मचाऱ्याच्या हातात तो उत्पन्न मानला जात नाही. ही सोय नवी-जुनी दोन्हीकडे आहे. पण गॅरेजवाला, वकील, शिकवणी घेणारी बाई, निवृत्त शिक्षक, ज्यांना स्वतःची पॉलिसी स्वतःच घ्यावी लागते, त्यांची ८०डीची वजावट नव्या प्रणालीत नाही. आयकर कायदा आजही म्हातारपणाला आणि आजारपणाला मदत करतो. फक्त ती पगारपत्रकावरून वाटली जाते. २०२४-२५च्या आकारणी वर्षासाठी मुदतीत भरलेल्या ७ कोटी २८ लाख विवरणपत्रांपैकी ७२ टक्के नव्या प्रणालीत होती. इतक्या जणांना लागू असलेल्या नियमातली ही असमानता वादात कुठेच येत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

आता आजारपणाकडे वळू, कारण बचतीपेक्षा तो प्रश्न मुळात वेगळा आहे आणि दोन्हींना एकाच 'सवलत' नावाच्या खणात टाकल्यानं फार गोंधळ झाला आहे. बचत माणूस करतो. आजार माणसावर कोसळतो. आयकर हा कर भरण्याच्या ऐपतीवर असतो, हे त्याचं मूळ तत्त्व. दुकानदाराला दुकानाचं भाडं, नोकरांचे पगार, मालाची किंमत वजा करून उरलेल्यावर कर लागतो. कारण गेलेला पैसा त्याची ऐपत नाही. मग कर्करोगावर गेलेला पैसा ऐपत कशी? दोन बायका घ्या, दोघींचं करपात्र उत्पन्न वर्षाला वीस लाख. एकीच्या नवऱ्याच्या उपचारांवर, विम्यातून मिळालं ते सोडून, आठ लाख गेले. नव्या प्रणालीत दोघींनाही उपकरासह २ लाख ८ हजार कर. पहिलीच्या हातात प्रत्यक्षात बारा लाख उरले. ज्या शेजाऱ्याचं उत्पन्नच बारा लाख आहे त्याला हाच कायदा शून्य कर लावतो, आणि हिला दोन लाख. या हिशोबाला साधेपणा म्हणायचं का?

आपल्या मातीतल्या महसूल व्यवस्थेला हे फार आधी कळलं होतं. शेतसारा जमिनीवर होता, तरी पीक बुडालं की तहकुबी आणि माफीची तरतूद होती. १९१८चा खेडा सत्याग्रह याच मुद्द्यावर झाला. मुंबई इलाख्याच्या नियमाप्रमाणे पीक चार आण्यांहून, म्हणजे सोळा आणे पूर्ण पिकाच्या पाव हिश्शाहून, कमी आलं तर त्या वर्षाची सारावसुली तहकूब व्हायला हवी होती. पीक चार आण्यांच्या आत आहे असं शेतकरी सांगत होते, सरकारचे अधिकारी ते मानायला तयार नव्हते. गांधी आणि वल्लभभाई पटेल नवा हक्क मागत नव्हते, पुस्तकात असलेला नियम पाळा म्हणत होते. पीक किती आलं ते पैशांत मोजायची आपली पैसेवारीची पद्धत त्याच विचारातली: पन्नास पैशांच्या खाली गेली की जमीन महसुलात सूट. परक्या सरकारच्या वसुली नियमांतही पीक बुडालेल्या वर्षासाठी जागा होती. स्वतंत्र भारताच्या नव्या करप्रणालीत माणूस कोसळलेल्या वर्षासाठी नाही.

यावर येणारं पहिलं उत्तर असं: सरकारी योजना आहेत की. आहेत, आणि त्यांचं श्रेय नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. २०१८पासून आयुष्मान भारतमध्ये पात्र कुटुंबाला पाच लाखांचं संरक्षण आहे. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, ते खुलं झालं. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा २०१३-१४मधल्या ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही मोठी घट आहे. पण या योजना मुख्यतः रुग्णालयात भरती होण्याच्या खर्चासाठी आहेत. दर महिन्याची मधुमेहाची औषधं, तपासण्या, पक्षाघातानंतरची वर्षभराची फिजिओथेरपी, अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी ठेवलेली बाई, यांतलं काय त्यात बसतं? मोठं दुखणं घराला खचवतं ते बहुतेक वेळा डिस्चार्ज मिळाल्यानंतर.

दुसरं उत्तर: खोटी बिलं येतील. येतील. म्हणून तर जुनी ८०डीडीबीसारखी, काही ठरावीक आजारांनाच आणि ४० हजार किंवा ज्येष्ठांना एक लाख एवढ्यावरच थांबणारी वजावट मला परत नको आहे. ती लहान होती म्हणून आपत्तीत उपयोगाची नव्हती, आणि लहान असल्यानंच बिलं जुळवण्याच्या कामी यायची. अमेरिकेत वैद्यकीय खर्च उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवर गेला तर वरच्या रकमेची वजावट मागता येते. आपण दहा टक्क्यांचा उंबरठा ठेवू. विम्याचे पैसे वजा करून उरलेला, बँकेमार्फत किंवा यूपीआयनं दिलेला, रुग्णालयाच्या पॅनसह नोंदवलेला खर्च, आणि दहा टक्क्यांच्या वरचाच. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात आज आपलं व्याज, लाभांश, शेअर विक्री सगळं आपोआप येऊन बसतं. रुग्णालयाची बिलंच तेवढी येऊ शकत नाहीत असं नाही. वरच्या उदाहरणातल्या बाईला अशा नियमात सहा लाखांची वजावट मिळेल आणि तिचा कर २ लाख ८ हजारांवरून ९३,६०० होईल. उरलेला कर ती भरेल, तक्रार न करता भरेल असं मला वाटतं.

काही जण यापुढे जाऊन म्हणतात की अमेरिकेसारखं किंवा सिंगापूरसारखं वैद्यकीय बचत खातंच काढा. त्यात टाकलेल्या पैशाला कर नाही, वाढीला कर नाही, उपचारासाठी काढले तर कर नाही. कल्पना आकर्षक आहे. स्वतःच्या आरोग्यासाठी स्वतः साठवणं यात एक स्वाभिमान आहे, आणि नको त्या तपासण्यांना आळाही बसू शकतो. तरीही मी तिच्या विरोधात आहे. सिंगापूरनं १९८४ साली मेडिसेव्ह हे असं खातं सुरू केलं, पण मोठ्या आजाराला एकेकट्याची बचत पुरत नाही हे दिसून आल्यावर १९९०मध्ये मेडिशील्ड हा विमा जोडावा लागला आणि २०१५पासून तो मेडिशील्ड लाइफ या रूपात सर्वांना सक्तीचा झाला. जिथे सक्तीची वर्गणी कडक शिस्तीनं वसूल होते तिथलाही अनुभव हा, तर आपल्याकडे काय होईल? ज्यांच्याकडे बाजूला टाकायला पैसे आहेत त्यांच्या हातात आणखी एक करमुक्त गुंतवणूक येईल आणि ज्यांना आजार आधी गाठेल त्यांचं खातं रिकामं असेल. आजार कुणाला होईल हे आधी कळत नाही, म्हणूनच त्याची जोखीम सगळ्यांत वाटायची असते.

विम्याच्या हप्त्याबाबत सरकारनं एक चांगलं पाऊल टाकलं आहे. जुलै २०२४मध्ये नितीन गडकरी यांनी नागपूरच्या आयुर्विमा कर्मचारी संघटनेच्या निवेदनाचा आधार घेऊन अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं, की विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लावणं म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवर कर लावणं आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. अप्रत्यक्ष करात जे तत्त्व पटलं ते प्रत्यक्ष करात का पटू नये?

आता बचतीचा प्रश्न. वजावट नको, मग काय? उत्तर आपल्याच जुन्या कायद्यात आहे आणि ते विसरलं गेलंय. १९९० साली तेव्हाची ८०सीची वजावट काढून कलम ८८ आणलं गेलं. त्यात गुंतवणूक उत्पन्नातून वजा होत नव्हती. गुंतवलेल्या रकमेच्या २० टक्के सूट थेट करातून मिळायची. दहा टक्क्यांचा करदाता असो की तीस टक्क्यांचा, त्याच बचतीला तेवढीच सूट. २००२मध्ये तर ही सूट उत्पन्नानुसार उतरती केली: दीड लाखापर्यंत २० टक्के, पुढे पाच लाखांपर्यंत १५ टक्के, त्यावर काही नाही. अशी समंजस रचना पंधरा वर्षं चालली आणि २००५च्या अर्थसंकल्पानं ती मोडून पुन्हा ८०सी आणली. त्या एका निर्णयानं कमी कमावणाऱ्याची सूट घटवली आणि जास्त कमावणाऱ्याची वाढवली. आज जुनी-नवीचा वाद घालणाऱ्यांपैकी कुणी कलम ८८चं नाव काढताना मी ऐकलेलं नाही.

कलम ८८मध्ये एक उणीव मात्र होती: ज्याला करच लागत नाही त्याला सूट कशातून देणार? आज तर बारा लाखांपर्यंत कर नाही, त्यामुळे ही उणीव डोंगराएवढी झाली आहे. म्हणून सूट करात देऊ नये, खात्यात जमा करावी. साठीपर्यंत बंद राहणाऱ्या खात्यात माणूस वर्षाला जे पन्नास हजारांपर्यंत टाकेल त्याच्या २० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त दहा हजार, सरकारनं त्याच खात्यात भरावेत. कंपनीच्या व्यवस्थापकाला दहा हजार, फिजिओथेरपिस्टला दहा हजार, आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईनं पाच हजार टाकले तर तिला एक हजार. हेही आपल्याला नवीन नाही. २०१०च्या स्वावलंबन योजनेत असंघटित कामगाराच्या एनपीएस खात्यात सरकार वर्षाला हजार रुपये घालत होतं. २०१५ साली तिची जागा अटल पेन्शन योजनेनं घेतली. तिच्यात लाभ महिना एक ते पाच हजारांवर गोठवलेला आहे. विशीत सामील झालेला मुलगा २०५५मध्ये पाच हजारांची पेन्शन घेईल; महागाई दरसाल पाच टक्के धरली तर त्या पाच हजारांची किंमत २०१५च्या सुमारे सातशे रुपयांइतकी असेल. आणि ऑक्टोबर २०२२पासून आयकर भरणाऱ्याला या योजनेचं दारही बंद आहे.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न न्याय्य आहे. पाच कोटी माणसांनी पूर्ण मर्यादा वापरली, असं होणं कठीण, तरी खर्च पन्नास हजार कोटी. २०२५च्या अर्थसंकल्पात बारा लाखांची घोषणा करताना प्रत्यक्ष करातल्या ज्या महसुलावर पाणी सोडलं तो सुमारे एक लाख कोटी होता. त्याच्या निम्म्यात देशाच्या म्हातारपणाची पायाभरणी होत असेल तर ते महाग नाही. शिवाय कंपनीच्या वाट्यावरच्या करमाफीला आज साडेसात लाखांची जी ऐसपैस मर्यादा आहे ती कमी करावी. व्यवस्थापकाचे ८७ हजार वाचवण्यात कुठलंही सामाजिक हित मला दिसत नाही.

'पण मी कर भरायचा आणि न भरणाऱ्याच्या पेन्शनला द्यायचा का?' हा प्रश्न रागानं विचारला जातो आणि त्याला मान खाली घालून उत्तर देण्याचं कारण नाही. एक तर साबणापासून रिचार्जपर्यंत जीएसटी भरणारा प्रत्येक जण करदाता आहे. दुसरं म्हणजे महाराष्ट्रानं हे उत्तर पन्नास वर्षांपूर्वी दिलं आहे. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, तेव्हा तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसायकर लावला गेला. मुंबई-पुण्यातल्या कारकुनाच्या पगारातून दरमहा कापले जाणारे ते रुपये मराठवाड्यातल्या खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी होते. आमच्या आधीच्या पिढीतल्या पगारदारांनी हे मान्य केलं आणि त्या योजनेच्या पोटी पुढे देशाचा रोजगार हमी कायदा जन्मला. आज आपण त्यांच्यापेक्षा कितीतरी सुस्थितीत आहोत.

या सगळ्याच्या मुळाशी एक खोड आहे, तिच्याबद्दल दोन्ही गट गप्प असतात: रुपयातला आकडा एकदा कायद्यात लिहायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. ८०सीची मर्यादा २०१४मध्ये दीड लाख झाली, तिथेच राहिली. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा २००७ साली महिना दोनशे रुपये होता, ऐंशीच्या आतल्यांना २०२५मध्येही दोनशेच. ईपीएस-९५ या पीएफशी जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४ला १५,००० ठरली आणि किमान पेन्शन १,०००. २०२५ सालही त्याच आकड्यांवर सरलं. तीस वर्षं कारखान्यात राबलेल्याची पेन्शन या सूत्रानं साडेसहा हजारांच्या आसपास येते, आणि जुन्या, कमी पगारांवर निवृत्त झालेल्यांची तर याहून कितीतरी कमी. बुलढाण्यात या निवृत्तांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण चालवलं, किमान ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागत. ज्या वयात माणसानं नातवंडांत रमावं त्या वयात ही माणसं मांडवात बसली. सरकारी वाट्याची नवी योजना उभी राहायला दोन-तीन अर्थसंकल्प लागतील, आजाराच्या वजावटीसाठी कायद्यात दुरुस्ती लागेल. पण १५,०००ची मर्यादा वाढवायला संसदेत विधेयकही आणावं लागत नाही. केंद्र सरकारची एक अधिसूचना पुरते. सुरुवात तिथून करावी.